मिक्सर विसरत नाही, हीच पंचाईत

गेल्या अंकात डिजिटल मिक्सरबद्दल, म्हणजे कार्यक्रमातल्या सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्राच्या नव्या अवताराबद्दल, जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. (त्यात एकेका माइकची वाट म्हणजे एक चॅनेल.) त्यावर आलेली पत्रं जवळजवळ एकाच सुरातली आहेत: एवढे पैसे घालून नवीन यंत्र आणलं, मग जुनाच आवाज बरा का वाटतो? त्यातली पाच निवडली आहेत. (फोनवर मी ‘मिक्सर बंद पडलाय’ म्हणालो की आमच्या घरी अजूनही चटणीची काळजी सुरू होते. वाचकांनी तो गैरसमज करून घेऊ नये.)

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत पालखी देवळात परतली की रात्री उशिरा संगीत नाटक होतं. कामं गावचीच मंडळी करतात. यंदा देवस्थान समिती ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर घेणार आहे. आमचा जुना साउंडवाला म्हणतो, “आहे त्या चोवीस चॅनेलमध्ये सगळं होतं. हे म्हणजे टीव्ही लावलेला मिक्सर.” त्याचं म्हणणं कितपत खरं? – नाटक मंडळाचे कार्यवाह, फोंडा तालुका, गोवा

उत्तर : निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं आधी मान्य करतो. माइक वाईट असेल, फूट माइक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेला) नटांपासून आठ फुटांवर असेल, स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवण्याऐवजी माइकच्या मागे ठेवले असतील, तर कोणताही टीव्ही तुम्हाला वाचवणार नाही.

आता उरलेलं निम्मं. मी मामाच्या मंडप-लाउडस्पीकरच्या दुकानात शिकलो. नाटकाच्या ठेक्यात आमच्याकडे कॉम्प्रेसर (फार चढलेला आवाज आपोआप दाबणारे डबे) होते दोन. अख्ख्या नाटकाला दोन! मग प्रयोगाआधी वाद: एक नायकाला, तर दुसरा खलनायकाला द्यायचा की ऑर्गनला? डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनेलला स्वतःचा लो कट (खालची घरघर कापणारा), स्वतःचा गेट (बारीक आवाज अडवणारा), स्वतःचा कॉम्प्रेसर आणि स्वतःचा चार पट्ट्यांचा इक्वलायझर (जाड-बारीक आवाज हवा तसा कमीजास्त करणारा) असतो. २०१२ साली बेरिंगर कंपनीचा एक्स ३२ नावाचा मिक्सर आला आणि ही चैन जिल्ह्याच्या गावातल्या साउंडवाल्याच्याही आवाक्यात आली. त्याला ३२ माइक लागतात आणि आपोआप हलणारे २५ फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्या) आहेत. डिजिटल मिक्सर काही त्या वर्षी जन्मला नाही, यामाहाचा ०२आर १९९५ चा. पण तो स्टुडिओवाल्यांनी बघायचा, आपण नाही.

तुमच्या जत्रेसाठी मला यातल्या दोनच गोष्टी मोठ्या वाटतात.

पहिली, डिले, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं. मैदानात मागच्या लोकांना ऐकू यावं म्हणून तुम्ही स्टेजपासून ३० मीटरवर दोन स्पीकर आणखी लावत असणारच. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजवरचा आवाज तिथे पोचायला ८७ मिलिसेकंद घेतो. तारेतून मागच्या स्पीकरला मात्र तो त्याच क्षणी मिळतो. मागे बसलेल्या आजींना आधी खांबावरचा स्पीकर ऐकू येतो, मग स्टेज. पदाचा शब्द दोनदा येतो, तान चिकट होते, आणि लोक म्हणतात ‘आवाज घुमतोय’. घुमत नाहीये, दोनदा येतोय. त्या दोन स्पीकरांची लाइन वेगळ्या आउटपुटवर घ्या आणि तिथे १०० मिलिसेकंदांचा डिले घाला. ८७ च का नाही? दहा-बारा जास्त ठेवले की आवाज स्टेजवरून येतोय असं कानाला वाटतं आणि खांबावरचा स्पीकर नुसता हात देतो. पूर्वी यासाठी वेगळा डबा विकत घ्यावा लागायचा. आमच्या मामाने तो कधी घेतला नाही. मागच्यांनी आयुष्यभर दोनदा ऐकलं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्मरण. एका क्षणी मिक्सरवर जे काही आहे (गेन म्हणजे माइकचा आवाज किती आत घ्यायचा ते, इक्वलायझर, कुठला माइक चालू, कुठला बंद, एको किती) ते सगळं ‘सीन’ म्हणून साठवता येतं. एक्स ३२ मध्ये असे शंभर सीन बसतात. नांदीचा सीन, पहिल्या अंकाचा, दुसऱ्याचा. बटण दाबलं की पंचवीस फेडर सर्रकन आपापल्या जागी जातात. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. देवस्थानचे विश्वस्त बघायला येतील तेव्हा हे नक्की दाखवा.

आता माझी फजिती ऐका. आमचं एक संगीत नाटक दौऱ्यावर होतं. पहिल्या नाट्यगृहात मी सगळे सीन बांधले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी प्रयोग. नायिकेचा लेपल (कपड्याला लावायचा) माइक बदललेला, नवा चांगलाच कडक. दुपारी तालमीत मी तिचा गेन ८ डेसिबलनी उतरवला, हॉलमध्ये अडीच हजार हर्ट्झला शिट्टी (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी) येत होती ती ग्राफिक इक्वलायझरवर कापली, आणि समाधानाने सेव्ह केलं. फक्त पहिल्या अंकाच्या सीनमध्ये. पहिला अंक उत्तम झाला. मध्यंतरात भजी खाऊन आलो, पडदा वर जायला आणि मी दुसऱ्या अंकाचा सीन दाबायला एकच गाठ पडली. मिक्सरने इमानदारीने पंधरा दिवसांपूर्वीचं, दुसऱ्याच गावचं नाट्यगृह माझ्यासमोर मांडलं. गेन पूर्वीइतका वर, कापलेली शिट्टी परत हजर. बाईंनी पदाचा पहिला ‘सा’ लावला आणि सभागृहाने कानात बोटं घातली. जुन्या मिक्सरवर हे कधी झालंच नसतं, कारण जुन्या मिक्सरला काही आठवतच नव्हतं.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. नवं ठिकाण म्हणजे सगळ्या सीनची नवी प्रत. आणि ‘रिकॉल सेफ’ नावाची सोय वापरायची: कुठल्या गोष्टींना सीनने हात लावायचा नाही हे तिथे ठरवता येतं. माझ्याकडे सगळे गेन, मुख्य आउटपुटचा ग्राफिक इक्वलायझर आणि नायक-नायिकेचे माइक सेफमध्ये असतात. सीन फक्त माइक चालू-बंद करतो आणि इफेक्ट बदलतो. तेवढंच काम त्याला द्यावं.

तुमच्या जुन्या माणसाला काढू नका, हे आगाऊपणे सांगतो. त्याला एक आठवडा मिक्सर घरी नेऊ द्या. त्याचा हात दोन ठिकाणी अडेल. एक, लेयर: चॅनेल ३२ आणि डावीकडे फेडर १६, त्यामुळे तिसरा फेडर कधी चॅनेल ३ असतो तर कधी १९. फेडरच्या वर छोटा पडदा असतो, त्यात नाव आणि रंग घालता येतो. नटांचे माइक पिवळे, वाद्यं निळी, फूट माइक लाल असं एकदा ठरवलं की बोट चुकत नाही. दुसरं, ‘सेंड्स ऑन फेडर’. ऑर्गनवाल्याच्या मॉनिटरमध्ये (त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) गायिका वाढवायची असेल तर हे बटण दाबलं की सगळे फेडर त्या मॉनिटरचे होतात. फार सोयीचं. पण काम झाल्यावर बटण परत दाबायला विसरलात की तुम्ही प्रेक्षकांसाठी म्हणून आवाज वाढवत राहता आणि वाढतो तो बिचाऱ्या ऑर्गनवाल्याच्या कानात. तो हातवारे करतो, तुम्हाला वाटतं दाद देतोय.

शेवटचं, जनरेटर. लाइट गेले आणि जनरेटरवर आले यातला डोळा मिटण्याएवढा खंड जुन्या मिक्सरला कळायचाही नाही. हा मात्र कॉम्प्युटर आहे, पुन्हा उठेपर्यंत नाटक मुकं. कॉम्प्युटरला लावतात तो साधा यूपीएस फक्त मिक्सरला आणि स्टेजवरच्या स्टेजबॉक्सला (माइकच्या तारा ज्यात लावतात तो डबा) लावा. अँप्लिफायर त्यावर चढवू नका.

प्रश्न : आमचं महिला भजनी मंडळ आहे. मंदिराला देणगीत डिजिटल मिक्सर मिळाला. आम्ही दोघी-तिघी शिकतोय. गेननेही आवाज वाढतो आणि फेडरनेही, मग दोन्ही कशाला? आणि मीटरवर सगळे आकडे उणे का? – एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, उणे आकड्यांचा प्रश्न विचारलात याचं कौतुक वाटलं. तीस वर्षं धंद्यात असलेली माणसं तो विचारत नाहीत.

डिजिटल मीटरवरचं शून्य म्हणजे छप्पर. त्याच्या वर आकडाच नाही, म्हणून सगळं त्याच्या खाली, उण्यात मोजतात. जुन्या मिक्सरला लाल दिवा लागला तरी तो थोडं सोसायचा, आवाज जरा जाड व्हायचा. इथे शून्याला डोकं आपटलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कुठल्याही बटणाने शिवता येत नाही.

गेन ठरवतो की माइकमधून मिक्सरमध्ये किती यायचं. फेडर ठरवतो की आत आलेल्यातलं लोकांपर्यंत किती जायचं. करून बघा. फेडर पूर्ण खाली. गायिकेला सांगा, ‘अभंगातली सगळ्यात वरची ओळ म्हणा, रोज म्हणता तशीच, हळू नको.’ बायका साउंड चेकला नेहमी लाजून हळू म्हणतात आणि कार्यक्रमात दुप्पट म्हणतात, म्हणून हे ठासून सांगा. ती ओळ चालू असताना गेन असा ठेवा की मीटर उणे १२ च्या आसपास उडी मारेल. साध्या डायनॅमिक माइकला (ज्याला वीज लागत नाही) तो बहुधा ३० ते ४० डेसिबलच्या मध्ये कुठेतरी येईल. मग गेनला हात लावायचा नाही, कार्यक्रम फेडरवर चालवायचा. मध्येच गेन फिरवलात तर पेटीवाल्या ताईंच्या मॉनिटरमध्येही बदल होतो, कॉम्प्रेसरचंही गणित बदलतं, आणि शिट्टी कुठून आली ते कळत नाही.

४८ व्होल्ट असं लिहिलेलं बटण फक्त कंडेन्सर माइकसाठी, म्हणजे ज्याला चालायला वीज लागते त्याच्यासाठी. मोबाइल किंवा लॅपटॉपची तार लावलेल्या चॅनेलवर ते चुकूनही लावू नका.

प्रश्न : मी कीर्तनाला पेटीची साथ करतो. अलीकडे एका ठिकाणी डिजिटल मिक्सर होता. बुवा चढ्या आवाजात बोलले की छान, पण हळू बोलले की वाक्याचा शेवटचा शब्द गायब. साउंडवाला म्हणाला, माइक खराब. माइक बदलला तरी तेच. – एक संवादिनीवादक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : माइकचा दोष नाही. बुवांचे शब्द गेटने खाल्ले.

गेट म्हणजे दारावरचा माणूस. ठरलेल्या पातळीपेक्षा मोठा आवाज आला तर आत सोडतो, बारीक आला तर दार लावतो. ड्रमच्या माइकवर हे उत्तम, कारण दोन ठोक्यांच्या मध्ये शांतता हवी असते. कीर्तनात उलटं आहे. बुवा आख्यानात भरात येऊन ओरडतात आणि मग अचानक आवाज खाली आणून, जवळजवळ स्वतःशीच, एखादं वाक्य बोलतात. सगळा मंडप त्या वाक्यासाठी पुढे झुकलेला असतो. नेमकं तिथे दार लागतं. आणि मागचे टाळकरी वाजवायला लागले की त्या झणझणाटाने दार पुन्हा उघडतं! म्हणजे बुवांचा शब्द आत नाही, टाळ मात्र आत.

बहुतेक काय झालं असेल सांगतो. मिक्सरमध्ये कंपनीने तयार ठेवलेल्या मांडण्या असतात, ‘मेल व्होकल’ (पुरुष गायक) वगैरे. साउंडवाल्याने ती उचलून लावली. ती ज्याने बनवली त्याने बँडमधला गायक डोळ्यापुढे ठेवला होता, नारदाच्या गादीवरचा कीर्तनकार नव्हे. पुढच्या वेळी त्याला नम्रपणे सांगा की बुवांच्या चॅनेलवरचा गेट बंद करा. (नम्रपणे अशासाठी, की आम्ही साउंडवाले लवकर फुगतो.) टाळ फार येत असतील तर टाळकऱ्यांना दोन पावलं मागे न्या. लो कट १०० हर्ट्झला ठेवा, म्हणजे पखवाजाची धुमी आणि माइकच्या स्टँडवर पाय आपटल्याचा आवाज जाईल.

बुवांना हवा तो कॉम्प्रेसर, गेट नव्हे. ३:१ म्हणजे ठरलेल्या रेषेच्या वर आवाज ३ डेसिबल गेला तर बाहेर १ च जातो. रेषा अशी ठेवायची की साधं बोलताना कॉम्प्रेसर झोपलेला, आणि बुवा भरात आले की मीटरवर ४ ते ६ डेसिबल दाबलेले दिसतात. त्याहून जास्त दाबून मग वरून आवाज वाढवला की बारीक आवाजही मोठा होतो, त्याबरोबर मॉनिटरचाही, आणि शिट्टी जवळ येते. तुमच्या पेटीला यातलं काही लावू देऊ नका. भात्याचा श्वास राहू दे.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ऑर्केस्ट्राचा साउंड मी बघतो. आमचा मिक्सर फेडर नसलेला, टॅबलेटवर चालणारा डबा आहे. दुपारी सगळं मस्त, संध्याकाळी हॉल भरला की टॅबलेटचा संपर्क तुटतो. गायिका मॉनिटर वाढव म्हणत होती आणि मी नुसता बोट फिरवत होतो. – नांदेडचा एक विद्यार्थी

उत्तर : मित्रा, तुझ्या पत्रात ‘दुपारी’ आणि ‘हॉल भरला’ हे दोन शब्द आहेत, त्यातच उत्तर आहे. हजार माणसं म्हणजे हजार मोबाइल, आणि बहुतेक सगळ्यांचं वायफाय चालू. डब्याच्या आतलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असतं, तिथे एवढी गर्दी झाली की तुझ्या बोटाचा निरोप डब्यापर्यंत पोचत नाही. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर घे, डब्याला तारेने जोड, स्टेजच्या कडेला माणसांच्या डोक्यांच्या वर ठेव. पासवर्ड कुणालाही देऊ नकोस, विशेषतः बास गिटारवाल्याला. आणि एक लॅपटॉप तारेनेच जोडलेला पाहिजे.

टॅबलेटचा संपर्क तुटला तेव्हा आवाज चालूच होता, हे लक्षात आलं का? आवाज डब्यात तयार होतो, टॅबलेट नुसता दूरचा हात. त्यामुळे घाबरून डबा बंद-चालू करू नकोस. मी एकाला ते करताना पाहिलंय, भर गाण्यात.

तुझ्या वयाच्या मुलाने यातली खरी शिकण्यासारखी सोय वापरावी ती मल्टिट्रॅकची. यूएसबीने लॅपटॉपवर प्रत्येक माइक वेगवेगळा रेकॉर्ड होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. ३२ ट्रॅक धरले तर तासाला साडेसोळा जीबी. डिस्कवर जागा बघूनच बस. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये तेच ट्रॅक मिक्सरमधून परत सोडायचे: गायक घरी झोपलेले, आणि तू त्यांच्या आवाजावर चार तास मेहनत करतोयस. आमच्या संगीत नाटकाच्या गायिका या सोयीला दुवा देतात, कारण प्रयोगाच्या दुपारी त्यांना गळा ताणावा लागत नाही. फक्त रिकामा हॉल जास्त घुमतो, माणसांनी भरल्यावर सुका होतो. तेव्हा दुपारी एको जास्त वाटला म्हणून कमी करायचा नाही, असं मी तिथेच कागदावर लिहून चिकटवलंय.

दादा म्हणालास म्हणून आणखी एक. तासाभरात पाठ होणाऱ्या गोष्टी पाठ कर, पण कुठल्या माइकला कुठला चॅनेल ही यादी पेन्सिलीने लिहून खिशात ठेव. एका कंपनीच्या मिक्सरचा सीन पेनड्राइव्हवर घालून नेलास आणि समोर दुसऱ्या कंपनीचा मिक्सर निघाला, तर पेनड्राइव्ह किल्लीच्या जुडग्याला लावायच्या कामाचा. कागद कुठल्याही कंपनीला चालतो.

प्रश्न : गणेशोत्सवात भाड्याने फिरलेला डिजिटल मिक्सर निम्म्या किमतीत मिळतोय. घ्यावा का? – मंडप व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : बघायला जाताना एक माइक, एक तार, हेडफोन आणि एक पांढरा सुती रुमाल घेऊन जा.

माइक एकेक करून प्रत्येक इनपुटला लावा. बत्तीस म्हणजे बत्तीस, पहिल्या चारांवर समाधान मानू नका. शेवटचे आठ विकणाऱ्याला घाईघाईत उरकायचे असतात, तिथे रेंगाळा. प्रत्येकावर ४८ व्होल्ट लावून-काढून बघा. मग दोन सीन बनवा: एकात सगळे फेडर वर, दुसऱ्यात सगळे खाली. आलटून पालटून दहा वेळा दाबा आणि डोळे मिटून ऐका. सगळे फेडर एका दमात जायला हवेत. एखादा अडखळला, मधेच थांबला किंवा थरथरत राहिला तर त्याची मोटर किंवा पट्टी गेली.

आता रुमाल. फेडरच्या फटीवरून तो हलका दाबून फिरवा आणि उजेडात बघा. गुलाबी दिसला तर मिक्सर मिरवणुकीच्या गाडीवर उघडा बसलेला आहे. गुलाल फटीतून आत जातो, ग्रीसमध्ये कालवला जातो आणि घट्ट बसतो. एक फेडर बदलणं फार महाग नाही, पंचवीस बदलणं म्हणजे अर्धी किंमत वाचवलेली परत गेली.

रुमाल पांढरा निघाला, तर किमतीवर बोला. घेतल्यावर मिरवणुकीला त्याला नेऊ नका, त्या दिवशी जुना अॅनालॉग काढा. आमचा मामाचा चोवीस चॅनेलचा अजून त्याच कामाला आहे. आतून पार गुलाबी झालाय आणि वाजतोय.